वीर पाचट्या काय म्हणाला

(दिंद्रुडमधलं दोन खोल्यांचं घर. दुपारचे तीन वाजून गेलेत, तरी दाराला आतून कडी.)

छबुबाई : हळू बोल. भिंतीला लागून गिरणी हाय.

संस्कृती : हळूच बोलतेय, आजी. आणि ती चित्राची पोस्ट काढून टाकलीय मी. सकाळी तुझ्यासमोरच काढली.

छबुबाई : काढली तर मग गिरणीवाल्याच्या मोबाइलात कशी आली? आत्ता दळण आणाया गेलते. चौघं जण बघून हसायले होते. मला बघितलं अन् गप झाले. माणसं मला बघून हसली तर चालतंय. गप झाली म्हणून दळण तिथंच टाकून आले.

संस्कृती : मी काढली तरी लोकांनी आधीच उतरवून घेतलेली असते. आता त्याचं स्टिकर झालंय.

छबुबाई : ते काय असतंय?

संस्कृती : चित्रच. लिहायचा कंटाळा आला की पाठवायचं. कुणी म्हणालं, उद्या परीक्षा आहे, की दुसरा पाठवतो. वीर पाचट्या उभा, कमरेला कोयता, तोंडावर गोणपाट आणि फुग्यात ‘कापून!’ नुसती गंमत असते.

गहिनीनाथ : गोणपाट न्हाई ते.

संस्कृती : काय, आप्पा?

गहिनीनाथ : बुरखा. पाचटाचा हाय. ऊस तोडला की फडात वाळका पाला पडतो ना, तो विणून केलेला. एकेक पान वेगळं काढलंय मी. म्हणं गोणपाट.

छबुबाई : घर पेटलंय अन् ह्यांना बुरख्याची पडलीय.

गहिनीनाथ : भ्यालो म्हणून बोलायलो, छबे. गप बसवत न्हाई.

संस्कृती : आप्पा, फोनवर नेमकं काय म्हणाला तो साहेबाचा अंगद?

गहिनीनाथ : किती बार सांगू? “काका, साहेबांनी चहाला बोलावलंय. चारला गाडी घेऊन येतो.” बास. ठेवला.

संस्कृती : रागात होता?

गहिनीनाथ : न्हाई ना. लई आदबीनं बोलला. दोन शिव्या हासडल्या असत्या तर जिवाला जरा बरं वाटलं असतं.

छबुबाई : चहाला. ह्यांनी उभी हयात शिवशंकर साहेबाचे बोर्ड रंगवले. ‘हार्दिक अभिनंदन’, ‘विकासाचा महामेरू’. उन्हात शिडीवर उभं राहून राहून गुडघे गेले. तवा कधी कपभर पानी इचारलं न्हाई त्यानं. अन् आज चहा.

संस्कृती : पण त्याला भेटायचंच असेल तर मला भेटायला पाहिजे. पोस्ट माझी आहे. खाली नाव माझं आहे.

गहिनीनाथ : तेच तर. नाव टाकायची काय घाई होती तुला?

संस्कृती : अभिमान वाटला म्हणून टाकलं, आप्पा. तुम्ही मला कधी सांगितलं होतं का? संभाजीनगरला चित्रकला शिकायला गेले, तिथल्या रद्दीवाल्याकडं सहज चाळत होते, तर हे निघालं. ‘वीर पाचट्या, अंक पहिला. कथा व चित्रे : गहिनीनाथ, दिंद्रुड.’ मी तिथंच खाली बसले. सगळ्या कॉलेजला दाखवत फिरले. माझ्या आजोबांनी, बीड जिल्ह्यात बसून, चाळीस वर्षांमागं सुपरहिरो काढला होता आणि घरात कुणी एका शब्दानं बोललं नाही.

छबुबाई : बोलत न्हाई म्हणल्यावर काहीतरी असंल, एवढं कळाय पाहिजे माणसाला.

गहिनीनाथ : असू दे. आता ऐक, संस्कृती. तू पाठीमागच्या बोळातनं निघ. फाट्यावर माजलगावची जीप मिळंल. तिथनं बापाकडं जा. मी साहेबाकडं जातो, हात जोडतो, म्हणतो म्हातारपणानं अक्कल गेली. दोन दिवसांनी निवळंल सगळं.

संस्कृती : मी नाही जाणार. आधी मला सांगा, एवढं घाबरण्यासारखं त्यात आहे काय? एक मालक आहे, मिशीवाला. पाचट्या त्याच्या मागं उभा राहतो आणि म्हणतो, कापून, म्हणजे कापून काढीन. गोष्टीत असतं तसं आहे.

गहिनीनाथ : अन् त्या मिशीवाल्याशेजारी साहेबाचा वाढदिवसाचा फोटो जोडून कुणीतरी खाली लिहिलंय, ‘ओळखा पाहू’. ते बघितलं न्हाईस?

संस्कृती : बघितलं. पण ते मी नाही केलेलं. आणि मिशी तेवढी सारखी आहे. कुणाचीही असते अशी.

गहिनीनाथ : कुणाची न्हाई. साहेबाच्या बापाची हाय. मोठ्या मालकाची.

संस्कृती : म्हणजे तुम्ही मुद्दाम काढलीत?

गहिनीनाथ : मुद्दाम कशाचं. मालक काढायचा म्हणल्यावर मी दुसरा कोणता मालक बघितलता? ब्रश आपसूक तिकडंच वळला. तालुक्याला मुंबईचे कॉमिक्स यायचे, त्यातले गडी आभाळात उडायचे. आमची ऊसतोडीची माणसं बघायची अन् म्हणायची, ह्याला काय, हा उडतो, ह्याला मोळी उचलावी लागत न्हाई. मग म्हणलं, आपण मोळी उचलणारा काढू. पाचटात कुणीबी पाय टाकला की आवाज होतो. साप गेला तरी होतो. ह्याचा होत न्हाई. मालक कुणावर जुलूम करायला लागला की हा पाठीमागं येऊन उभा. एवढीच त्याची करामत.

संस्कृती : आणि मग कोयत्यानं कापतो.

गहिनीनाथ : बघितलंस का कापताना?

संस्कृती : म्हणजे?

गहिनीनाथ : चित्रकला शिकायलीस ना? सगळा अंक डोळ्यापुढं आण. कोयता एकदा तरी हातात हाय का त्याच्या?

संस्कृती : …नाही. सगळीकडं कमरेलाच आहे. मला वाटलं, पुढच्या अंकासाठी राखून ठेवलाय.

गहिनीनाथ : अन् मालकाचं तोंड कसं हाय? मरायची भीती वाटल्यागत?

संस्कृती : नाही. ते मला विचित्रच वाटलं होतं. वर्गात फळ्याजवळ उभं केल्यावर उत्तर येत नाही, तसं तोंड आहे त्याचं. मी म्हटलं, आप्पांना जमलं नसेल.

गहिनीनाथ : जमलं न्हाई म्हणती. बरं. मी हातानं अक्षरं काढून पाठवलती पुण्याला. तिथल्या छापखान्यात तपासायला एक गुरुजी बसायचे. लई शुद्ध माणूस. त्यांनी बघितलं, गावाकडचा पाट्या रंगवणारा, लिहायला चुकला. कमरेला कोयता हाय, म्हंजी हेच म्हणायचं असणार. असा शब्द त्यांनी बापजन्मात ऐकला नव्हता. एक अक्षर बदललं अन् पुढची खूणबी बदलली. प्रश्नाची होती, ती उभी केली.

संस्कृती : कोणतं अक्षर?

गहिनीनाथ : प काढ. त्या जागी व घाल.

छबुबाई : अहो.

संस्कृती : का… वू… न. कावून?

छबुबाई : बास. ह्या घरात न्हाई तो शब्द. सांगितलंय ना तुला बारकी होतीस तवापासून.

संस्कृती : थांब, आजी. शाळेतून ऐकून आले होते मी. ‘कावून गं, आजी?’ असं म्हणाले होते, तर तू एवढा जोरात चिमटा काढलास की दंड काळानिळा झाला होता. सगळं गाव दिवसभर कावून, कावून करतं आणि या घरात कशापायी, कशासाठी, कशाला. मला इतकी वर्षं वाटत होतं, ‘का’ऐवजी ‘कावून’ म्हणणं अशुद्ध आहे म्हणून.

छबुबाई : अशुद्ध का शुद्ध ते मला काय ठाऊक. त्या शब्दानं माझा भाऊ नेला.

संस्कृती : कुठला भाऊ?

गहिनीनाथ : बंकट. हिच्या पाठचा. मोठ्या मालकाकडं सालगडी होता. वाचाया येत नव्हतं त्याला. हिथं ह्या उंबऱ्यात बसायचा अन् मी चित्र काढता काढता त्याला गोष्ट सांगायचो. माझ्या तोंडून ऐकली त्यानं, म्हंजी खरा शब्द ऐकला. छापलेला त्याला कधी मालूमच झाला न्हाई. लई आवडायचं त्याला, कोयता असून उपसत न्हाई ते. म्हणायचा, दाजी, हा आपल्यातला हाय. तर त्या उन्हाळ्यात काय झालं—

छबुबाई : तुमी नका सांगू. तुमी तिथं नव्हताव. मी होते, घागर घेऊन.

गहिनीनाथ : सांग.

छबुबाई : मालकाच्या शेतात बाव होती. गड्यांच्या बायका तिथंच पानी भरायच्या, पहिल्यापासनं. एक दिवस मोठे मालक येऊन उभे राहिले. म्हणले, उद्यापासनं हितं घागर बुडवायची न्हाई. बाया गप. आमी तर खालीच बघायलो. बंकट बैलाला पानी पाजायला होता, हातात बादली. कोयता न्हाई, काही न्हाई. तो वर बघून म्हणला… ते. म्हणला अन् पुढं ‘मालक’ लावलं. आदबीनं.

संस्कृती : मग?

छबुबाई : मग काही न्हाई. तेच तर. मालकाला बोलता येईना. तोंड उघडलं, मिटलं. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. तू आत्ता सांगितलंस तसं तोंड झालतं. एवढा मोठा माणूस अन् त्येच्याकडं उत्तरच नव्हतं गं. कारण बावीत पानी भरपूर होतं. मला तवाच कळलं, आता काही खरं न्हाई. मागं शिवशंकर, आत्ताचा साहेब, उभा होता, अंबाजोगाईहून कॉलेज सोडून आलता नुकता. तो म्हणला, “बाबा, हा कापून म्हणायलाय. पुस्तकात हाय तसं.” अन् मालकाचा जीव भांड्यात पडला. मी बघितलंय माझ्या डोळ्यांनी. सुटल्यागत झाला तो माणूस.

संस्कृती : शिवशंकरनं ऐकायला चूक केली?

छबुबाई : चुकून ऐकलं का मुद्दाम म्हणला, मला अजून कळंना. मराठवाड्यात जल्मलेल्या माणसाला तो शब्द कळत न्हाई व्हय?

गहिनीनाथ : सांजच्याला दोन माणसं आली. चल, मालकाला बोलायचंय, आत्ता परत आणून सोडतो म्हणले. गेला बिचारा. सकाळी बांधावर सापडला. उजवा हात असा, मनगटातनं उलटा. तो कधी सरळ झालाच न्हाई. कोयता दाखवला म्हणून त्याच्यावरच तक्रार. त्या दिवाळीला टोळीसंगं कारखान्यावर गेला, बायकोला घेऊन. हाताचं तसं असताना.

छबुबाई : अजून आला न्हाई.

संस्कृती : काहीच कळलं नाही?

छबुबाई : कुणी म्हणतं कोल्हापूरकडं बघितला. कुणी कर्नाटकात म्हणतं. मी इचारायचं सोडलं.

गहिनीनाथ : दुसऱ्या अंकात मी स्वतः पुण्याला जाऊन शब्द नीट करून घेतलता. गठ्ठे घरी आले तवा बंकट बांधावर सापडून आठ दिवस झालते. एक प्रत बाहेर गेली न्हाई. हिनं सगळे बंबात घातले. कितीतरी दिवस अंघोळीचं पानी पाचट्यावर तापायचं. मी अंगावर घ्यायचो अन् रडायचो. मग पाट्या रंगवल्या. ‘विकासाचा महामेरू’.

संस्कृती : पण आप्पा, मग तर उलट सोपं आहे. साहेबाला सांगू की ते कापून नाहीच. धमकी नाही, छापायची चूक आहे. खरा शब्द कावून आहे. मी व्हिडिओ करून सगळ्यांना सांगते. विषय संपला.

गहिनीनाथ : अगं लेकरा. त्यानंच तर मरू आपण.

संस्कृती : का?

गहिनीनाथ : कापतो म्हणणाऱ्याला साहेब ओळखतो. त्याला दम देता येतो, केस करता येती. लई झालं तर पोटाशी धरून आपल्याच गाडीत बसवता येतो. साहेबाच्या गाडीतले निम्मे असेच आलेत. कापीन म्हणलेलं माफ होतं. पर नुसतं इचारणाऱ्याचं काय करायचं? त्याला उत्तर द्यावं लागतं. ते त्याच्याकडं न्हाई, त्याच्या बापाकडंबी नव्हतं. म्हणून मी ठरवलंय. गेलो की म्हणणार, व्हय साहेब, कापूनच लिहिलं मी, तरण्या रक्तात मस्ती होती, चुकलो. तुझा खरा शब्द राहू दे पोटात. निघ आता.

संस्कृती : म्हणजे बंकटआजोबांनीही कापूनच म्हटलं होतं, असं होईल ना.

गहिनीनाथ : टोपी कुठं ठेवलीस, छबे?

संस्कृती : आप्पा, तुम्ही तसं म्हणालात की तसंच होईल ना?

छबुबाई : गप. गाडी थांबली.

गहिनीनाथ : चार कुठं वाजलेत अजून?

छबुबाई : पोरी, आत जा. आत जा म्हणते ना.

अंगद : काका. ओ काका. अंगद हाय.

गहिनीनाथ : आलो, आलो. ही कडी बी… आज निघंना.

छबुबाई : सरका तिकडं.  मी काढते.

अंगद : दिवसाढवळ्या कडी लावून बसलाव, काकू?

छबुबाई : कुत्री येतेत.

अंगद : बरं. काका, निघायचं ना? साहेब वाट बघायलेत.

गहिनीनाथ : टोपी घेतो अन् येतो. एकटाच हाय मी.

अंगद : पोरीलाबी आणा म्हणलेत. मोबाइल घेऊन.

गहिनीनाथ : ती गेली. माजलगावला.

अंगद : चपला दारात हायेत, काका.

गहिनीनाथ : अंगद, तुझी शाळेतली पाटी आठव. तिच्यावर मोर काढून दिलता मी, पुसू नको म्हणून रडायचास. ऐक माझं. चित्र माझं, फुगा माझा. साहेबापुढं काय म्हणायचं ते मी म्हणतो. कापून म्हणलो मी. जा सांग. लेकराला काय कळतंय?

अंगद : मला नका सांगू, काका. मला म्हणले दोघांनाबी आण. तिथं पोरांनी क्यामेरा लावलाय. ती माफी मागंल, तेवढं काढून घ्यायचंय म्हणं. मग झालं.

संस्कृती : मी येते, आप्पा. माझीच पोस्ट आहे.

गहिनीनाथ : तुला आत जा म्हणलं होतं ना.

अंगद : बघा, पोरगी तयार हाय. घाबरू नका, काकू. सांजच्याला आणून सोडतो मी स्वतः.

छबुबाई : बंकटलाबी सांजच्यालाच सोडणार होते.

अंगद : कोण बंकट?

छबुबाई : अंगद, इकडं बघ. खाली नको, माझ्याकडं बघ. माझ्या नातीला तिथं न्यायचंय तुला?

अंगद : व्हय, काकू.

छबुबाई : कावून?

अंगद : आं?

गहिनीनाथ : छबे.

छबुबाई : कावून न्यायचंय?

अंगद : साहेबांनी सांगितलंय म्हणून.

छबुबाई : ते झालं साहेबाचं नाव. मी इचारलं, कावून.

अंगद : …ते मी इचारलंच न्हाई, काकू.

छबुबाई : मग इचारून ये. आमी हितंच हाव. कुठं पळून जात न्हाई.

अंगद : साहेबाला असं इचारत नसतेत, काकू.

छबुबाई : ते मला मालूम हाय, बाबा. जा.

गहिनीनाथ : गेला?

संस्कृती : गेला. आजी, बस खाली. 

छबुबाई : आधी कडी लाव.

गहिनीनाथ : गाडीचा आवाज येईना. बघ गं, खिडकीतनं. पडदा जास्त सरकवू नको.

संस्कृती : आत बसलाय. फोन काढलाय हातात. पण लावत नाहीये. नुसता बसलाय त्याच्याकडं बघत.

गहिनीनाथ : कावून?